बिनरंगाची डाय

डायला रंग नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नोकरीभर लोकांनी मला हेच विचारलं. मामा, आमच्या माणसाच्या अंगात कोणता रंग टाकला? लाल का निळा? लघवीवाटे जाईल ना? डाय बाटलीत पाण्यासारखी दिसते. बोटाला लागली तर पाकासारखी चिकटते. पडद्यावर मात्र ती काळी दिसते. हृदयाच्या ज्या नसेतून जाते ती नस काळी उमटते, पानं झडलेल्या झाडासारखी. फांदी मधेच तुटलेली दिसली की समजायचं, तिथं अडलं आहे.

मी नागपूरच्या एका दवाखान्यात कॅथलॅबमध्ये अटेंडंट होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, त्यांनी माझं वाईट केलं नाही. या अंकाच्या संपादकबाई धरमपेठेत राहतात, त्यांच्या वडलांना मीच टेबलावर घेतलं होतं. त्या म्हणाल्या, लिहा. मी म्हटलं, बाई, मी सातवीतून शाळा सोडली, आता बायको गेल्यापासून बोलायलाही कंटाळतो, लिहू कुठून? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. माझं 'मले-तुले' त्यांनी लिहिण्यापुरतं 'मला-तुला' केलं आहे. माणसांचं बोलणं मात्र हात न लावता ठेवा म्हटलं. ते ठेवलं असेल अशी आशा आहे.

कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी करायची खोली. मनगटातून नाहीतर जांघेतून बारीक नळी घालतात, ती हृदयापर्यंत सरकवतात, डाय सोडतात आणि फोटो काढतात. नळी डॉक्टर घालतात. बाकीचं मी करायचो. नळीच्या जागेवरचे केस काढणं, टेबलावर घेणं, डोक्याशी उभं राहून पेशंटला धीर देणं, आणि सगळं झाल्यावर नळी काढली की नस बोटानं दाबून धरणं. हे शेवटचं काम दिसायला सोपं आहे. जास्त दाबलं तर पाय थंड पडतो. कमी दाबलं तर रक्त चादरीखाली साचत राहतं आणि वरून काही दिसत नाही. त्यातून अंगावर शिशाचा कोट. एक्स-रेपासून वाचावं म्हणून घालतात. एक्स-रेपासून वाचलो की नाही ठाऊक नाही, खांदे मात्र त्या कोटानं खाल्ले. आता डबा वरच्या फळीवर ठेवायचा म्हटलं तरी हात वर जात नाही.

दवाखान्यात माझ्यासारख्या माणसाला मामा म्हणतात. बाईला मावशी. साहेबापासून पेशंटपर्यंत सगळ्यांचा मामा.

आमचे टेक्निशियन असलमभाई. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली. "मामा, टेबल के पास आवाज नीचे. आप चिल्लाते हो तो उनकी धडकन मशीन पे चढ़ती है." खरंच चढायची. मी गावठी माणूस, मोठ्यानं बोलायची सवय. मग मी एक वेगळा आवाज केला. खाली, मऊ, एकेक शब्द सावकाश. "आता गरम लागन हं माय. छातीपासून खालपर्यंत लागन. लघवी झाल्यासारखं वाटन, पण झाली नाही. भ्यायचं नाही. मी इथंच आहो." डाय आत गेली की अंगभर तशी गरमी होतेच. आधी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. एक मोठे रिटायर अधिकारी होते. फोटो झाल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "मामा, झाली बरं. कोणाले सांगू नका, चादर बदलून द्या." चादर कोरडी ठणठणीत होती. मी तरी बदलली. वाद कशाला घालायचा? त्यांना बरं वाटलं.

या 'डाय' शब्दानं आम्हाला फार छळलं. सिस्टर विचारायची, "मावशी, डायची ॲलर्जी आहे का?" बाया म्हणायच्या, "नाही वं माय, मी तं मेंदी लावतो." हे हसण्यावारी जायचं. पण एकदा काय झालं, कुहीकडचं एक म्हातारं माणूस टेबलावर होतं. त्याची नस वाकडी, फोटो नीट येईना, बाटली रिकामी झाली. मी दुसरी आणायला बाहेर निघालो. दार उघडंच होतं, आतून असलमभाई ओरडले, "मामा, डाय खतम! जल्दी!"

बाहेर बाकावर म्हाताऱ्याची घरची मंडळी. त्यात एक कॉलेजात जाणारा पुतण्या. तो उभा राहिला तो पांढराफटक.

"काकू," तो म्हणाला, "काका गेले."

"कोण म्हणते?"

"आतून सांगितलं ना. डाय. खतम."

मी बाटली घेऊन परत येईपर्यंत तिथं रडारड मांडली होती. म्हाताऱ्याच्या भावजयीनं त्याच्या बायकोचं कुंकू पुसून टाकलं होतं आणि तिचे दोन्ही हात बाकाच्या लोखंडावर आपटून बांगड्या फोडल्या होत्या. काचा सगळीकडे. मी टेबलाचा आवाज विसरलो आणि ओरडलो, "अवं माय, काय करून राहिल्या हे? बुढा आत चहा मागून राहिला!"

कोणालाही खरं वाटेना. शेवटी म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर बाहेर आणलं. त्यानं बायकोचे उघडे हात पाहिले, कपाळ पाहिलं, आणि विचारलं, "काहून वं, कोण मेलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

भावजय म्हणते कशी, "मी तं या पोट्ट्याचं आयकलं बाप्पा. इतका शिकला, म्हटलं बरोबर असन."

वॉर्डातल्या एका बाईनं आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिला घातल्या. त्या दिवसापासून साहेबांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, हुकूम काढला, डाय म्हणायचं नाही, कॉन्ट्रास्ट म्हणायचं. ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. मी औषध म्हणू लागलो. असलमभाई 'वो' म्हणायचे. "मामा, वो लाओ."

हसण्यासारखं एवढंच. आता दुसरं सांगतो.

मौद्याच्या वीज कारखान्यात नोकरीला असलेला एक गडी आला होता. आधी बायपास झालेला, बीपी जुना. त्याच्या नव्या जुन्या सगळ्या नसा शोधायच्या म्हणून डाय जास्त लागली. माणूस बोलका. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांच्या थट्टा करत होता. आणि मधेच म्हणाला, "काहून गा मामा, लाईट गेली काय? आमच्या मौद्याले एवढी वीज बनते, अन् तुमच्या दवाखान्यात अंधार?"

खोलीतले सगळे दिवे चालू होते. छतावरचा मोठा दिवा त्याच्या तोंडावर होता. डॉक्टरांनी हात थांबवला आणि त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या बरोबर लहान झाल्या. म्हणजे डोळे ठीक होते.

"दिसून राहिलं का काही?" मी विचारलं.

"लाईट आली की सांगतो," तो म्हणाला. अजूनही थट्टाच करत होता बिचारा. त्याला कळलंच नव्हतं.

डोक्याचा स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. साहेबांनी त्याच्या बायकोला बाहेर बसवून समजावलं ते मी मागं उभा राहून ऐकलं. ही डाय कधी कधी, फार क्वचित, मेंदूला लागते. डोक्याच्या मागच्या भागात आपलं दिसणं असतं, तिथं सूज येते. कोणाला दिसत नाही, कोणी असंबद्ध बोलतं, कोणाचा हात लुळा पडतो, कोणाला झटके येतात. बीपीवाल्यांना, किडनी कमजोर असलेल्यांना धोका जास्त. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत उतरतं. सलाईन द्यायचं, बीपी सांभाळायचं आणि वाट पाहायची.

मी पुढं नातेवाईकांना माझ्या भाषेत सांगायचो. दुकानाचं शटर वर आहे, पण आतला दुकानदार झोपला आहे. उठेल.

मौद्याचा गडी उठला. दोन दिवस बायकोचा हात धरून गप्प पडला होता, थट्टा सगळी आटली होती. मग एका सकाळी मी चादर बदलायला गेलो तर वर पाहून म्हणाला, "इथं पंखे कोणी पुसत नाही का गा?" त्याची बायको तोंडात पदर कोंबून रडली. मी स्टूल आणून पंखा पुसला.

इतक्या वर्षांत अशी माणसं मी थोडीच पाहिली. बहुतेक सगळी बरी होऊन चालत घरी गेली. सगळीच गेली असं सांगत नाही. एका बाईचं बरंच लांबलं, तिला तिच्या माणसांनी गावी नेलं, पुढचं मला कळलं नाही. पण ज्या माणसांना त्या टेबलामुळं जीव मिळाला त्यांची गिनती मला करता येणार नाही. हे दोन्ही खरं आहे.

आता सुमनचं. सुमन माझी बायको. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. माहेर कुहीकडच्या धानाच्या गावातलं. मी रिटायर झाल्यावर तिला दम लागणं वाढलं. विहाराच्या पायऱ्या चढताना मधे उभी राहायची आणि विचारलं तर म्हणायची, चप्पल टोचते. शुगर होती, बीपी होता. साहेबांनी तपासलं आणि म्हणाले, मामा, अँजिओग्राफी करून घेऊ.

माझीच खोली, माझंच टेबल. साहेबांनी मला तिच्या डोक्याशी उभं राहू दिलं. मी पुन्हा तो कोट घातला. तिची मनगटाची नस बारीक निघाली म्हणून जांघेतून नळी घातली. डाय सोडायची वेळ आली तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "आता गरम लागन हं. छातीपासून खालपर्यंत लागन. भ्यायचं नाही. मी इथंच आहो."

ती वर पाहून म्हणाली, "लोकायले असं सांगता का तुम्ही? घरी तं चहा गरम आहे इतकं बी नाही सांगत."

असलमभाई काचेच्या पलीकडून हसले. साहेबही हसले. मी लाजलो. तपासणी नीट झाली.

तिला बाजूच्या खोलीत आणलं. मी नस दाबून बसलो. आमची मुलगी मंगला दारात होती. थोड्या वेळानं सुमन म्हणाली, "पट्टी काढा ना डोयावरची."

डोळ्यांवर पट्टी नव्हती.

मला लगेच कळलं. माझं बोट तिच्या नसेवर होतं, उठता येत नव्हतं. मी मंगलाला म्हटलं, सिस्टरला बोलव. टॉर्च, स्कॅन, सगळं झालं. साहेबांनी मला तेच सांगितलं जे ते दुसऱ्यांना सांगायचे, आणि मी मान हलवली. मंगला मात्र माझ्यावर उखडली.

"बाबा, तुम्हीच म्हणत होते, काही होत नाही म्हून!"

"होते कधी कधी. उतरन."

"अन् नाही उतरलं तं?"

मी तिला शटर आणि दुकानदाराची गोष्ट सांगायला लागलो. ती म्हणाली, "बस करा बाबा. मी पेशंटची माणूस नाही, तिची पोरगी आहो."

तिला वॉर्डात हलवलं आणि संध्याकाळपर्यंत तिचं बोलणंही बिघडलं. तिला वाटायला लागलं की ती माहेरी आहे, धानाच्या बांधीत पाणी भरलं आहे आणि रोपं लावायचा रोवणा राहिला आहे. हातानं चादरीवर धानाची रोपं लावत होती. मी तिच्या उशाशी बसून त्याच आवाजात बोलत होतो, "पाय सरळ ठेवा. हलवू नका. मी इथंच आहो." तिथं दुसरा आवाज माझ्या तोंडून निघतच नव्हता. इतकी वर्षं त्या भिंतींच्या आत मी तेवढंच बोललो.

ती एकदम शांत झाली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही लय चांगले बोलता."

"मी आहो सुमन."

"नाव नका घेऊ बाप्पा माझं. माझा माणूस आयकन तं चिडन. तो बी माझं नाव घेत नाही."

हे खरं होतं. मी तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. आमच्यात 'अवं' म्हणतात.

मी विचारलं, "कुठं आहे तुमचा माणूस?"

"असन बाहेर. पानठेल्यावर खर्रा खायले गेला असन. मामा, एक काम करा. त्याले सांगू नका मले दिसत नाही म्हून."

"काहून?"

"भेकड आहे तो. वरतून ओरडते, पण आतून भेकड. त्याले वाटते त्या खोलीत कोणाचं वाईट होत नाही. तुम्ही म्हणा, झोपली आहे."

मी म्हटलं, "बरं, नाही सांगत."

मंगला भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिला खुणेनं बोलू नको म्हटलं. असा किती वेळ गेला सांगता येत नाही. सुमन मला माझ्याबद्दल सांगत होती. की मी भाजीत मीठ जास्त झालं की ताट सारतो. की मंगला झाली तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभा राहून रडलो होतो आणि तिला कोणीतरी ते सांगितलं, मी कधी सांगितलं नाही. की मी रात्री झोपेत हातानं काहीतरी दाबून धरतो. "लोकायचं रक्त थांबवते तो, झोपेत बी," ती म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं.

आणि मग ती उठायला लागली. पाय मुडपला, कोपरावर उठली, "चाल, रोवण्याले उशीर होते." ज्या पायातून नळी घातली होती तोच पाय. दाबपट्टी सरकली तर रक्त सुटलं असतं. माझा तोल गेला. मी घरच्या आवाजात, सगळा वॉर्ड ऐकेल असा ओरडलो, "अवं लोळ तशीच! मरायचं आहे का तुले?"

ती आडवी झाली. हात हवेत चाचपत तिनं माझा शर्ट धरला.

"आले का तुम्ही?" ती म्हणाली. "कवाची वाट पाहून राहिली. ओरडता काहून?"

सिस्टर धावत आली, तिला वाटलं मी पेशंटशी भांडतो आहे.

त्यानंतर ती मला ओळखत होती, पण मी ओरडून बोललो तरच. मऊ बोललो की पुन्हा मामा. मग मी ओरडतच राहिलो. बाकीचे पेशंट तक्रार करत होते, या बुढ्याला बाहेर काढा. साहेबांनी मला तिथंच बसू दिलं.

तिसऱ्या सकाळी मंगला तिला चहा पाजत होती. सुमन माझ्याकडे वळली. वळली म्हणजे नुसतं तोंड नाही, डोळे माझ्यावर आले आणि थांबले. "दाढी काहून नाही केली?" तिनं विचारलं. मी बाहेर पडलो, जिन्यात जाऊन बसलो. तिथं जे झालं ते लिहीत नाही.

तिला मधलं काही आठवत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तिनंही काढलं नाही. एकदाच, घरी आल्यावर, तिनं ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, "गरम आहे हं." आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

इथपर्यंतच झालं असतं तर ही गोष्ट मी पारावर हसत सांगितली असती.

फोटोत तिच्या दोन नसा अडलेल्या निघाल्या होत्या. साहेब म्हणाले, स्टेंट टाकावे लागतील. पुन्हा तेच टेबल, पुन्हा तीच डाय. ते म्हणाले, डायचा हा त्रास एकदा झाला म्हणून पुन्हा होईलच असं नाही. यावेळी कमीत कमी वापरू, आधी सलाईन लावू, बीपी आटोक्यात ठेवू, काळजी घेऊ. पण न करण्यात धोका जास्त आहे. मी त्यांचं म्हणणं समजलो. माझ्यासमोर असे पेशंट पुन्हा टेबलावर आले होते आणि काही न होता गेले होते.

सुमन नाही म्हणाली.

मंगलानं सांगून पाहिलं. विहारातल्या बायांनी सांगून पाहिलं. ती म्हणायची, "मेली तं मेली. पण तो अंधार नाही पाहायचा मले. तुम्हाले नाही समजणार. तिथं मी कोण आहो हेच मले समजत नव्हतं."

मी लोकांना टेबलावर न्यायचं काम जन्मभर केलं. रडणारी पोरं, भांडणारे म्हातारे, पळून जाणारे, सगळ्यांना मी समजावून आडवं केलं. म्हणून सगळे म्हणाले, मामा, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल.

ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर पाटावर बसलो आणि सुरू केलं. खाली आवाजात, सावकाश. काही होत नाही. थोडंसं गरम लागेल. मी डोक्याशीच उभा असेन. साहेब चांगले आहेत. माझं सगळं सांगून झालं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हे मामा म्हणून सांगता का नवरा म्हणून?"

मी सुपातले तांदूळ चिवडायला लागलो.

"सांगा ना. मामा तं साऱ्यायलेच म्हणते, चला. ते त्याचं कामच आहे. मी नवऱ्याले विचारून राहिली."

मी खोटं बोलू शकलो असतो. रोज बोलायचो. कोरडी चादर बदलणारा माणूस मी. पण ती मला असं पाहत होती, त्या डोळ्यांनी, जे मी तीन दिवस परत मागत होतो, की मला ते जमलं नाही.

मी म्हटलं, "नवरा म्हणून विचारशीन तं मले भेव वाटते."

"मंग झालं," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तिच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं. जणू इतक्या वर्षांनी मी तिला चहा गरम आहे म्हणून सांगितलं.

साहेबांनी गोळ्या लिहून दिल्या. ती त्या नेमानं घ्यायची. पुढचा उन्हाळा आणि पाऊस तिनं पाहिला. मग एका दुपारी दारात बसून मेथी निवडता निवडता ती एका बाजूला कलली. मी तिच्याजवळच होतो. छाती दाबायची कशी ते मला येत होतं, मी दाबली. शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मेथी सगळी ओसरीवर सांडली होती, लोक त्यावरून चालत होते. ती गेली होती.

माती द्यायला आलेले लोक म्हणाले, बरं झालं मामा, टेबलावर आंधळी होऊन नाही गेली. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. नंतर दवाखान्यात जाऊन साहेबांना विचारलं, केलं असतं तर जगली असती का? ते म्हणाले, "मामा, मला माहीत नाही." पेशंटच्या माणसांना ते असं कधी सांगत नाहीत. मी त्यांचे आभार मानले आणि घरी आलो.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या गल्लीत सुमनची गोष्ट पसरली ती अर्धीच पसरली. डाय दिली की डोळे जातात, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. शेजारी देवराव राहतो, माझ्याच वयाचा. त्याला छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, आणि तो खाटेवर हट्ट धरून बसला. त्याची बायको माझ्याकडे आली.

"मामा, तुमच्या सुमनबाईचं पाहून हा भेला. तुम्ही एक डाव चाला ना."

मी गेलो. देवराव म्हणाला, "मामा, सांगायचं काम नाही. तुम्ही सांगसान, काही होत नाही. मले माहीत आहे."

मी म्हटलं, "होते. क्वचित होते. माझ्या बायकोले झालं. तीन दिवस मी तिथं बसलो होतो, मले आजही भेव वाटते. तुले होईन का, मले माहीत नाही. तरी कर."

"भेव वाटते म्हणता अन् कर बी म्हणता?"

"हो."

"असं कसं?"

"असंच आहे गा," मी म्हटलं. "दोन्ही आहे."

तो खाटेवरून खाली उतरला. मग बायकोला म्हणाला, "लुगडं बदल, जाऊ." त्याचं नीट झालं. स्टेंट पडला. आता सकाळी फिरायला जातो आणि अंगात किती गरमी झाली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो.

मी त्याला दोन्ही एका दमात, एकाच आवाजात सांगितलं. सुमनला मी तसं सांगितलं नाही. तिला मी दोन वेगळी माणसं होऊन सांगितलं, आधी मामा होऊन, मग नवरा होऊन. तिनं नवऱ्याचं ऐकलं.